देवी काढणाऱ्या बाईबरोबरची पोर

इथे या पेजवर लोक भुताखेतांचे जे अनुभव लिहितात ते मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचे, आणि खरं सांगायचं तर मैत्रिणींना वाचून दाखवून हसायचे. मी चाकणला एका ऑटो-पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर गेज लावून पार्ट तपासायचे. मापात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. 'मला वाटलं', 'मला भासलं' या शब्दांना आमच्याकडे किंमत नाही. लहानपणी घरात कुणी भुताखेताचा विषय काढला की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे... भीतीने नव्हे, कंटाळ्याने.

तर आता मीच लिहायला बसलेय. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसा.

आम्ही राहतो चिंचवडला. माझा नवरा यासीन, त्याचं काळेवाडीत टू-व्हीलरचं गॅरेज आहे. माहेर चाकणचं. आम्ही मुलाणी, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. घरी दखनी आणि मराठी मिसळून बोलतो, इथे मराठीतच लिहिते. आम्हाला एकच मुलगी होती. सना. तिसरीत होती. डेंग्यू झाला, प्लेटलेट्स उतरत गेल्या आणि ती गेली. याहून जास्त मला लिहिता येत नाही. पण हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

सना गेल्यानंतर बाकीचे दिवस ड्युटीत निघून जायचे. रविवार निघायचा नाही. यासीन रविवारीही गॅरेज उघडायला लागला. मी अब्बांकडे जाऊन बसायचे. अब्बा आता माझ्या भावाकडे असतात, इथेच, चिंचवडला. गुडघे गेलेत, पण डोकं शाबूत आहे. मला काही विचारायचे नाहीत, जुन्या गोष्टी सांगत राहायचे. त्यातूनच अमीनाबीचा विषय निघाला.

अमीनाबी म्हणजे अब्बांची पणजी. त्या काळात देवीचा रोग यायचा तेव्हा घरंच्या घरं रिकामी व्हायची. सरकारने लस टोचणारी माणसं नेमली होती, त्याला लोक 'देवी काढणं' म्हणायचे. अमीनाबीचा नवरा ते काम करायचा. पण परक्या पुरुषाने बायकामुलींच्या दंडाला हात लावायचा म्हटल्यावर गावं दारं लावून घ्यायची. म्हणून तो बायकोला बरोबर नेऊ लागला. ती बघून बघून शिकली. पुढे नवरा तापाने गेला आणि ही बाई थांबली नाही. विधवा, मुसलमान, एकटी, खांद्याला पिशवी लावून गावोगाव चालत देवी काढायची. कुठे भाकरी मिळायची, कुठे अंगावर कुत्री सोडायचे. चाकणच्या आसपास हे काम करणारी ती पहिली बाई, असं आमच्या घरात अभिमानाने सांगतात.

"पण तिची कबर आपल्या कब्रस्तानात नाही," अब्बा म्हणाले. "म्हातारपणी ती पोराचं घर सोडून निघून गेली. भामा नदीच्या काठच्या कुठल्याशा गावात राहिली आणि तिथेच गेली. का गेली, कुणी सांगत नाही. माझ्या आज्याला विचारलं तर तो गप्प बसायचा. मरायच्या आधी एकदा तिच्या कबरीवर फातेहा पढायचीय बेटा, बस."

मला रविवारसाठी काम मिळालं. खरं कारण एवढंच. इतिहासाबितिहासाची मला काही आवड नव्हती.

थंडी सरत आली होती. मी स्कूटर घेऊन निघायचे आणि भामेच्या अंगाची एकेक वस्ती धरून जुन्या घरांतून विचारायचे. पहिले काही रविवार फुकट गेले. मग एका गावात कळलं की शेवंताबाईंना विचारा, त्यांच्या घरात देवीवाल्या बाईची गोष्ट सांगतात. गाव चाकणहून आंबेठाणच्या बाजूला. नाव देत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. गावाला आता तिन्ही बाजूंनी कंपन्यांच्या शेड आहेत. शेवंताबाईंच्या घरापुढे भाड्याच्या खोल्यांची रांग, दोऱ्यांवर वेगवेगळ्या रंगांचे युनिफॉर्म वाळत घातलेले. दुपारची वेळ. इथल्या बऱ्याच कंपन्या रविवारीही चालू, फर्स्ट शिफ्टची माणसं अजून परतली नव्हती, सगळीकडे शांत.

शेवंताबाई ओट्यावर बाजेवर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, नऊवारी, कपाळावर गोंदलेलं.

"कुनाची गं तू?"

"चाकणच्या मुलाण्यांची, आजी. देवी काढणारी अमीनाबी होती ना पूर्वी... तिच्या घरातली."

"आगं बया!" त्यांनी माझा हातच धरला. "देवीवाल्या बाईची? आन् एवढ्या वर्सांनी वाट गावली व्हय तुमाला? सुनबाई, चा ठेव गं!"

सून चहा घेऊन आली. ट्रेमध्ये चहाच्या कपांबरोबर दुधाचा एक ग्लास आणि बशीत बिस्किटं होती. दूध माझ्यासमोर ठेवल्यावर मी म्हटलं, मी दूध घेत नाही.

"तुला न्हाई, पोरीला," शेवंताबाई म्हणाल्या. "तिला भाईर उनात का हुबी केली? बोलीव की आत."

"माझ्याबरोबर कुणी नाही, आजी."

"आसं कसं? गाडीवरनं तुज्या मागनं उतरली की."

मी वळून पाहिलं. फाटकाबाहेर माझी स्कूटर, त्यापलीकडे एका कंपनीची लांबलचक भिंत. कुणी नव्हतं. सून म्हणाली, तिलाही खिडकीतून कुणीतरी लहान मुलगी दिसली. मी म्हटलं, भाडेकरूंपैकी कुणाची तरी असेल.

"आसंल," शेवंताबाई म्हणाल्या, पण फाटकाकडेच बघत राहिल्या. "मोतीबिंदू काढल्यापास्नं लांबचं लख्ख दिसतं मला, म्हनून म्हनलं."

त्या दिवशी फार बोलणं झालं नाही, घरात कुणी पाहुणे आले. एवढं मात्र कळलं की देवीवाली बाई याच गावात वारली आणि नदीच्या अंगाला पुरलेली आहे. "नेमकी जागा दिराला इचारून ठिवते, फुडल्या ऐतवारी ये," असं म्हणाल्या. मी खुशीत निघाले. अब्बांना फोन करून सांगावं असं मनात होतं... आणि आंबेठाण चौकाच्या अलीकडे स्कूटर पंक्चर झाली.

रस्त्याकडेला एक पंक्चरवाला होता. उत्तर प्रदेशाकडचा असावा, चाळिशीचा, दाढीवाला माणूस. मी गाडी ढकलत नेली, तर तो लांबूनच ओरडला, "अरे मैडम, पहले बच्ची को तो उतारिए! बिठा के ढकेल रही हैं!"

मी थांबले. म्हटलं, कौन सी बच्ची?

तो हातात टायर खोलायचा दांडा घेऊन उभा. माझ्याकडे बघतो, माझ्या मागे बघतो. "अभी तो बैठी थी पीछे... हाथ में पट्टी बँधी है... किधर गई?" आणि मला काही कळायच्या आत तो हातातलं टाकून रस्त्यावर धावला. चाकणचा रस्ता तुम्हाला माहीत असेल, कंटेनर एकामागे एक. त्याने दोन्ही हात वर करून एक कंटेनर थांबवला, खाली वाकून चाकांमध्ये पाहिलं. मागची वाहनं हॉर्न मारायला लागली. हा माणूस "बच्ची है, बच्ची है" करत या गाडीखालून त्या गाडीखाली बघतोय. मी तिथेच, स्कूटरचं हँडल धरून. मला "माझ्याबरोबर कुणीच नव्हतं" एवढं वाक्य बोलता येईना.

शेवटी तो परत आला. घामाघूम, आणि डोळ्यांत राग.

"कैसी माँ हैं आप? बच्ची गुम गई और आप खड़ी हैं?"

मी खाली बसले. मग त्याच्या लक्षात आलं असावं की काहीतरी वेगळं आहे. त्याने पाणी दिलं, पंक्चर काढलं. मी एवढंच विचारलं, पट्टी कौन से हाथ में थी?

तो क्षणभर आठवून म्हणाला, "उल्टे हाथ में."

उलटा हात म्हणजे डावा. सनाला शेवटपर्यंत सलाईन डाव्या हाताला होतं. पट्टी काढायचंही कुणाला सुचलं नव्हतं, ती मी काढली होती.

घरी आल्यावर यासीनला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. जेवताना सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"कोणता हात म्हणाला?"

"डावा."

तो उठला, स्वतःचं ताट स्वतः घासलं. सकाळी गॅरेजला निघताना दारात पाठमोरा उभा राहून म्हणाला, "रविवारी मी पण येतो."

तो आठवडा मी कुणालाच सांगितलेला नाही, इथे पहिल्यांदा सांगतेय. मी कंपनीच्या बसने जाते. त्या आठवड्यात बस सोडून रोज स्कूटरने गेले. मोशीचा ट्रॅफिक, धूळ, पण स्कूटरनेच. मागची सीट मोकळी ठेवायची. बॅग अडकवायची पुढे. स्पीडब्रेकर आला की मान न वळवता म्हणायचे, "धरून बस." सिग्नलला थांबले की उगाच शाळेच्या गोष्टी सांगायचे. बाजूचे लोक बघायचे, मला त्याचं काही नव्हतं. सना गेल्यापासून मी इतकी आनंदात कधीच नव्हते. क्वालिटीवाली बाई, कुठलंही गेज न लावता पार्ट पास करून बसले होते.

रविवारी निघताना यासीन म्हणाला, "मी माझी गाडी घेतो." दोघं एका स्कूटरवर सहज मावलो असतो. का, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

शेवंताबाई ओट्यावरच होत्या. आम्ही फाटकातून आत आलो तशी म्हणाल्या, "आज बी आली व्हय गं पोर? ये, बाळा, ये."

यासीन जागच्या जागी थांबला. मी मागे बघितलं. अंगणात नळ, नळाखाली बादली, दोरीवरचे कपडे. मला काही दिसलं नाही. यासीनने वळून बघितलंच नाही. तो ओट्याच्या पायरीवर फाटकाकडे पाठ करून बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "आजी, कुठे आहे ती?"

"ही काय, नळापाशी."

"कशी दिसते?"

"कशी म्हंजी? तुमची न्हाई का?"

"सांगा ना. चष्मा आहे?"

"चष्मा? न्हाई बा."

"कधी कधी काढून ठेवते ती," तो मला म्हणाला. मग पुन्हा, "केस? केस लांब आहेत ना? दोन वेण्या?"

"येन्या कुठल्या? बारीक कापल्यात. वरवंट्यावानी डोकं हाय." शेवंताबाई आता आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघायला लागल्या होत्या. "काळीसावळी हाय. नाक टोचल्यालं, त्यात काडी घातलीय. पायात काय न्हाई. पाच-सा वर्साची आसंल."

सना आठ वर्षांची होती. गोरी होती, यासीनसारखी. नाक टोचायचं आम्ही पुढे ढकललं होतं, तिला सुईची भीती वाटायची.

"आणि हात?" मी विचारलं. "हाताला पट्टी आहे ना? मनगटाला?"

"मनगटाला न्हाई, दंडाला. फडकं बांधलंय, त्यात लिंबाचा पाला खोवलाय. हात आसा अंगापास्नं लांब धरलाय, ठणका लागल्यावर धरत्यात तसा..."

आणि बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांचा चेहरा असा काही उतरला की सून धावत बाहेर आली. त्या नळाकडे बघत होत्या. मग पदर तोंडाला लावला.

यासीन उठला. कुणाकडेही न बघता फाटकाबाहेर गेला. मी त्याला जाताना पाहिलं, पण मी उठले नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला भीती अजिबात वाटली नाही. फक्त राग आला. वाटलं, मग ही कोण? माझ्या मुलीच्या जागेवर आठवडाभर बसून फिरली ती कोण?

सुनेने पाणी दिल्यावर शेवंताबाई बोलू लागल्या. त्यांच्या आजेसासूने त्यांना सांगितलेली गोष्ट, जशी त्यांनी सांगितली तशी सांगते.

"त्या टायमाला लस काय बाटलीत मिळत नव्हती. पोराच्या दंडाला देवी काढली का फोड यायचा, त्या फोडातलं पानी काढून दुसऱ्या पोराला लावायचं. म्हनून देवीवाल्या बाईसंगं कायम एक लेकरू आसायचं. ह्या गावचं लेकरू त्या गावाला न्यायचं, तितलं फुडच्या गावाला, आन् आधीचं घरी धाडायचं. पन कोन देनार आपलं लेकरू? आईबाप आडून बसायचे. मग एकदा तिला आशी एक पोर गावली, जिचं समदं घर देवीनं न्हेलं व्हतं. मागं धाडायचं तर कुनाकडं धाडायचं? ऱ्हायली तिच्याच संगं. आमच्या हितं आली तवा पोरगी तापली व्हती. फोडाजवळचा हात सुजल्याला. तरी तिच्याच दंडाचं पानी आमच्या आजेसासूला लावलं, तवा ती पाळन्यात व्हती. आन् आनीक बी कितीकांना. त्या साली आजूबाजूला मानसं मेली, हितं एक लेकरू गेलं न्हाई. ती पोर तेवढी गेली. नदीच्या वाटंला, बाईच्या खांद्यावर."

"आणि अमीनाबी?"

"तिनं काम सोडलं न्हाई. काम केलंच तिनं. पन म्हातारी झाली तशी हितं यून ऱ्हायली, हितल्याच एका खोपटात. मरायच्या आदी गावाला म्हनली, मला त्या पोरीच्या शेजारी पुरा. म्हनून तिला तितं पुरली." त्यांनी नळाकडे पुन्हा बघितलं नाही. "आमचं घर त्या पोरीच्या हातानं जगलंय बाई. आन् मी तिला बिस्कुट देत बसले."

"नाव काय होतं तिचं?"

शेवंताबाईंनी मान हलवली. आजेसासूलाही माहीत नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा यासीन माझ्या स्कूटरपाशी उभा होता. मागच्या सीटवर हात ठेवून. मला बघून त्याने हात काढला.

इथे माझ्यासारख्याच लोकांसाठी एक सांगते. त्याआधी मला अशी एका दंडावरून दुसऱ्या दंडाला लस द्यायच्या पद्धतीबद्दल काहीही माहीत नव्हतं. अब्बांनाही नव्हतं. आमच्या घरात अमीनाबीबरोबर एखादं मूल असायचं ही गोष्ट कुणी कधी सांगितलेली नाही. नंतर मी आमच्या कंपनीच्या डॉक्टरांना सहज म्हणून विचारलं, ते म्हणाले, पूर्वी असं करायचे खरं. शेवंताबाईंना गोष्ट आधीपासून माहीत होती, त्यामुळे त्यांना भास झाला असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही आधी तेच म्हटलं. मग तो पंक्चरवाला? त्याने कुणाकडून ऐकलं होतं? मी पुन्हा त्याच्याकडे गेले होते. त्याने मला ओळखलं आणि हात जोडले, त्या दिवशी बोललो त्याबद्दल माफी मागितली. मी विचारलं, बच्चीचे केस कसे होते? तो म्हणाला, "बाल तो थे ही नहीं मैडम, जैसे मुंडन हुआ हो." पट्टी कुठे होती? त्याने स्वतःच्या डाव्या दंडावर हात ठेवला.

अब्बांना सगळं सांगितलं. फक्त मागच्या सीटचं सांगितलं नाही.

"आम्ही लोकांना सांगायचो, आमच्या पणजीने इतके जीव वाचवले," ते म्हणाले. "छाती काढून सांगायचो."

"वाचवलेच की, अब्बा."

"हां. वाचवलेच." मग म्हणाले, "गाडी सांग. मला घेऊन चल."

शेवंताबाईंच्या दिरांनी जागा दाखवली. म्हणजे दिशा दाखवली. ती जमीन केव्हाच विकली गेलीय, सपाट केलीय, आता तिथे एका गोडाऊनचं कंपाउंड आहे. भिंतीच्या आत मालाचे ट्रक लागलेले, पुढे काँक्रीट. कबरी कुठे होत्या ते नेमकं कुणालाच सांगता येत नाही. गेटवरचा सिक्युरिटीवाला लातूरकडचा होता. आत सोडायची परवानगी नाही म्हणाला, पण आतून खुर्ची आणून अब्बांना भिंतीच्या सावलीत बसवलं. अब्बांनी भिंतीकडे तोंड करून फातेहा पढली. अमीनाबीचं नाव घेतलं. पुढे दुसऱ्या नावाच्या जागी ते अडखळले. मग "और वो बच्ची," एवढंच म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवले.

मी माझ्याकडून तिला मनात माफी मागितली. माझ्या रागाची. ती पाच-सहा वर्षांची होती, दंड ठणकत होता, आणि मी तिला चुकूनसुद्धा आत ये म्हटलं नव्हतं.

निघताना सिक्युरिटीवाल्याने सगळ्यांना पाणी आणलं. अब्बा, माझा भाऊ, यासीन, मी. चौघांना चार ग्लास. मी मुद्दाम मोजले. त्यानंतर ती पुन्हा कुणाला दिसल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. मी कितीतरी ठिकाणी गेले, कुणी काही म्हणालं नाही. शेवंताबाईंकडेही अधूनमधून जाते. त्या फाटकाकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते, त्या मान हलवतात.

मागच्या खेपेला त्यांनी मला एक सांगितलं. सांगू की नको असं त्यांचं चाललं होतं.

"तुजा मालक आला व्हता हितं. एकलाच. मंगळवारी, भर दुपारचा."

मला काही माहीत नव्हतं. मंगळवारी तो गॅरेजलाच असतो.

"आला, पायरीवर बसला. पानी बी घेतलं न्हाई. म्हनला, आजी, तुमाला दिसतं ना... आज माज्या मागं गाडीवर कोन बसल्यालं दिसतंय का? नीट बघा म्हनला. चष्मा आसंल, दोन येन्या आस्तील."

"मग?"

"काय सांगू बाई? खोटं बोलावं आसं लई आलं मनात." त्यांनी डोळे पुसले. "न्हाई रं बाबा म्हनलं, तू एकलाच हायेस."

मी यासीनला हे विचारलेलं नाही. तोही बोललेला नाही. गॅरेज बंद करून तो रोज वेळेवर घरी येतो, आम्ही जेवतो, टीव्ही लावतो.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मनाचे खेळ. असतील. कुणी म्हणेल, तिला फक्त कुणीतरी आठवण काढायला हवी होती, काढली, ती गेली. तेही असेल. मी दोन्ही मापं लावून पाहिली, एकही बसत नाही. आणि खरं तर ती का दिसली याचा मी आता फारसा विचारही करत नाही. मला छळतं ते दुसरंच. जिचं नाव कुणाला माहीत नाही, जिचं या जगात कुणी उरलं नाही, ती पोर एवढ्या वर्षांपलीकडून आली, माझ्या मागे बसली, उन्हातान्हात फिरली. येता येत असेल तर मग माझी का आली नाही? तिला तर घराचा रस्ता माहीत होता.